पेटीचं माप

धाकटे जावई जे सांगतील त्याच्या बरोबर उलट करायचं, हा थोरल्या जावयांचा नियम होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता, पण पाळला मात्र कडक. धाकट्यांनी घराला पांढरा रंग सुचवला म्हणून थोरल्यांच्या घराला पिवळा लागला. धाकट्यांनी डिझेलची गाडी घेऊ नका म्हटलं, तर त्याच आठवड्यात थोरले डिझेलच्या गाडीतून त्यांच्या दारात हजर. आता ती गाडी धूर ओकायची आणि पिवळा रंग उन्हाने विटून भलताच दिसायचा, पण थोरल्यांना त्याचं काही नव्हतं. धाकटे बरोबर ठरतात याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बरोबर ठरल्यावर ते जे हळूच 'मी काय म्हणत होतो' म्हणतात, तेवढं त्यांना सोसत नसे.

दोघे एकमेकांचे साडू. थोरल्यांची बायको मोठी बहीण, धाकट्यांची बायको तिची पाठची. बहिणींचं इतकं गूळपीठ की रविवारी एकीच्या घरी दुसरीचं बिऱ्हाड ठरलेलंच. त्या दोघी आत हसत बसायच्या आणि साडू बाहेर बुद्धिबळाचा पट मांडून एकमेकांची उणीदुणी काढायचे.

त्या पटावर एक उंट गेली काही वर्षं अडकून पडला होता. झालं असं, की धाकट्यांच्या घरी एकदा डाव चालला होता, थोरले जिंकत आले होते, आणि जिंकण्याच्या आनंदात ते पाणी प्यायला उठले. परत येऊन बघतात तर धाकट्यांचा उंट भलत्याच घरात उभा.

"हा इथे कधी आला?"

"इथेच होता की."

थोरले तो डाव हरले आणि तेव्हापासून संधी मिळेल तिथे उंटाचा विषय काढू लागले. धाकट्यांचा धंदा दुकानांत, गोदामांत कॅमेरे बसवण्याचा. घरीही त्यांनी दिवाणखान्याच्या छताला एक कॅमेरा पटावर रोखून बसवला होता, निव्वळ हौस म्हणून, आणि रविवारचा प्रत्येक डाव घरातल्याच एका काळ्या यंत्रात साठत होता. उंटाचा विषय निघाला की ते छताकडे बोट दाखवायचे. "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

"मग दाखवा ना."

"दाखवीन. वेळ आली की दाखवीन."

ती वेळ काही आजवर आली नव्हती.

थोरल्यांची बायको बाहुल्यांचा सिनेमा करत होती. घराखालच्या गॅरेजातून तिने गाडी बाहेर काढायला लावली, खिडक्यांना काळे पडदे लावले, आणि मोठ्या टेबलावर एक अख्खी गल्ली उभी केली. गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि त्याची बकरी. बकरीला घड्याळांतल्या स्प्रिंगा खायचा नाद. चिमट्याने बकरीचा पाय केसभर पुढे सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. दिवसभर खपल्यावर बकरी दोन-चार पावलं चालायची. असं दोन वर्षं चाललं होतं. तेवढ्या काळात बकरीची लोकर झडून नवी चढवली गेली, म्हाताऱ्याचा डावा हात बदलला, आणि गल्लीची पहिली बाजू मोडून तिच्याच फळ्यांतून दुसरी बाजू बांधली गेली. म्हणजे मागचं काही पुन्हा काढायचं म्हटलं तरी काढता येणार नव्हतं.

मापाच्या बाबतीत ही बाई महा कडक. गल्लीतलं सगळं सहाला एक, म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश. थोरल्यांनी एकदा हौसेने बाजारातून इवलीशी किटली आणली होती. बायकोने ती म्हाताऱ्याशेजारी ठेवून पाहिली, म्हणाली, "यात चहा नाही, हा अंघोळ करेल," आणि किटली परत केली.

थोरल्यांकडे दिवे, वायरी आणि पेटी. पेटी म्हणजे जिन्याखालच्या कपाटातलं ते काळं यंत्र, ज्यात सिनेमाचा प्रत्येक फोटो जाऊन बसायचा. तिच्यात सहा डिस्क होत्या. युक्ती अशी, की सहापैकी कोणतीही एक मेली तरी उरलेल्या पाच मिळून तिच्यातलं सगळं पुन्हा उभं करतात. फक्त मेलेलीच्या जागी लवकर नवी बसवायची. एकीमागे दुसरी मेली तर खेळ खलास. बायकोने दोन-तीनदा विचारलं होतं, की याची आणखी एक प्रत कुठेतरी असावी का. थोरले तेव्हा पेटीवर थाप मारून म्हणाले होते, "ही असताना कशाला?"

तर ही अशी सगळी जय्यत तयारी असताना, सिनेमाचा शेवटचा शॉट सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी, पेटीवर लाल दिवा लागला आणि ती टीक टीक करू लागली.

"अहो, काय वाजतंय?" गॅरेजातून बायकोचा आवाज.

"काही नाही. पंखा."

"पंखा टीक टीक करतो?"

"जुना आहे," थोरले म्हणाले, आणि बूट घालून बाहेर पडले.

दुकानदाराकडे तेवढ्याच क्षमतेची डिस्क होती, पण एकच. "शेवटची आहे बघा. परवाच एक साहेब तीन घेऊन गेले. पुढचा माल यायला आठवडा लागेल." थोरले खुशीत ती घेऊन आले, मेलेली काढली, नवी सरकवली, आणि पडद्यावर ओळ उमटली: सेक्टरचं माप जुळत नाही.

आता हे सेक्टर म्हणजे काय, तर डिस्कच्या आतले कप्पे. डिस्क सगळं काही कप्प्या-कप्प्यांत ठेवते. जुन्या डिस्कचा एकेक कप्पा पाचशे बारा बाइटचा असायचा. नव्या डिस्कचा चार हजार शहाण्णवचा, म्हणजे बरोबर आठपट. आणि पेटीची खोड अशी की पहिल्या दिवशी तिला एकदाच विचारायचं असतं: बाई, तुझं माप काय? त्या दिवशी जे ठरलं ते ठरलं. नंतर कितीही हातापाया पडा, ती बदलत नाही. थोरल्यांनी पहिल्या दिवशी लहान माप ठरवलं होतं. आठपट कप्प्यांची ही नवी बया त्यात कशी मावणार?

थोरले कपाटासमोर स्टुलावर बसून राहिले. लहान माप का ठरवलं होतं हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, धाकटे म्हणाले होते, "साडूभाऊ, पेटी करताय तर माप मोठं ठेवा. लहान माप आता जाणार." झालं. थोरल्यांनी चमचा खाली ठेवला आणि लहान मापाची बाजू अशी काही लढवली की ज्याचं नाव ते. लहान वस्तूला मोठा कप्पा दिला की उरलेली जागा फुकट, काटकसर म्हणून काही चीज असते की नाही, मोठं मोठं करत सगळं जग कुठे चाललंय. बायकोचे फोटो मुळीच लहान नव्हते, पण वादाच्या भरात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. धाकटे गप्प बसले. थोरल्यांना तो दिवस आपल्या आयुष्यातला एक मोठा विजय वाटत आला होता.

ते पुन्हा दुकानात गेले.

"लहान कप्प्यांची आहे का एखादी?"

"ती बंद होऊन जमाना झाला." दुकानदाराने खाली वाकून कोपऱ्यातलं एक खोकं काढलं. "ही एक बघा. आतून मोठ्या कप्प्यांचीच आहे, पण बाहेर लहान म्हणून सांगते."

"म्हणजे खोटं बोलते?"

"धंद्यात चालतं तेवढं."

खोटारडी डिस्क पेटीत गेली. थोरल्यांनी पेटीला दटावून सांगितलं की ही लहानच आहे, मुकाट्याने घे, आणि पेटीने घेतली. दिवा पिवळा झाला. मेलेल्या डिस्कवरचं सगळं खोटारडीवर पुन्हा उतरू लागलं, आणि थोरल्यांनी चहा टाकला.

चहा पिऊन आले तरी आकडा हलला नव्हता. दुपारी जेवून आले, तेव्हा जेमतेम एकाने हलला होता. खोटं बोलणं सोपं, निभावणं कठीण, हे डिस्कलाही चुकलं नव्हतं. पेटी तिला चिमूटभर लिही म्हणायची. चिमूटभर लिहायला लहान कप्पाच नाही, म्हणून ही बिचारी आपला मोठा कप्पा अख्खा उपसायची, त्याचा एक कोपरा बदलायची आणि पुन्हा अख्खा भरून ठेवायची. मग पुढची चिमूट. बायकोची बकरी बरी, ती निदान दिवसाकाठी दोन-चार पावलं तरी टाकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले कपाट उघडून कान लावून उभे राहिले. जुन्या पाचांपैकी एक डिस्क खोकत होती. आधी खर्र, मग थोडी शांतता, मग पुन्हा खर्र. ही गेली की बकरी गेली, म्हातारा गेला, दोन वर्षं गेली. थोरल्यांनी भराभर खोटारडीचं काम थांबवलं, की त्या खोकणारीवर आणखी ताण नको, आणि मग त्यांचे पाय आपसूक गॅरेजाच्या दाराकडे वळले. आपली चूक सांगायला जायची पाळी त्यांच्यावर फार वर्षांत आली नव्हती.

शॉट चालू असताना गॅरेजात पाऊल हळू टाकायचं असतं. जमीन हादरली की गल्ली हादरते. थोरले चवड्यांवर आत गेले. बायको टेबलावर वाकली होती. एका हातात चिमटा, दुसऱ्या हाताच्या बोटाने बकरीची मान धरलेली.

"पंखा नाहीये तो," थोरले म्हणाले.

"ते मला काल सकाळीच कळलं. बोला."

थोरल्यांनी सांगितलं. मेलेली डिस्क, नकार मिळालेली डिस्क, खोटारडी, खोकणारी, सगळं. बायकोने मध्ये एकदाही मान वर केली नाही.

"म्हणजे पेटी सहाला एकच्या मापाने बांधलीत," ती म्हणाली, "आणि आता खरी खुर्ची आत घालायला बघताय."

"तसंच."

"आणि पेटीच मोठ्या मापाची बांधली असती तर?"

"तर सगळ्या मावल्या असत्या. मोठ्या कप्प्यांच्या, लहान कप्प्यांच्या, खोटारड्या, सगळ्या. लहान कप्पे आठ-आठ एकत्र धरले की झाला मोठा. उलट मात्र जमत नाही."

"हे तेव्हा माहीत नव्हतं तुम्हाला?"

थोरल्यांनी म्हाताऱ्याच्या घड्याळांच्या दुकानाकडे पाहिलं. "होतं."

"मग?"

"मोठं ठेवा असं धाकट्यांनी सांगितलं होतं."

बायकोचं बोट बकरीच्या मानेवर तसंच होतं.

"मला रडू येतंय," ती म्हणाली. "पण मी रडले तर हात हलेल, आणि हात हलला तर बकरी हलेल. म्हणून मी आत्ता रडत नाहीये. माझी दोन वर्षं आहेत त्या पेटीत. जा आणि त्यांना घेऊन या."

"दुसरं कोणी नाही का? तो दुकानदार..."

"अहो!"

थोरले निघाले. धाकट्यांचं दुकान चालत फार लांब नव्हतं, पण थोरल्यांनी ते लांब करून घेतलं. आधी बागेला वळसा घातला, मग पोस्टाला. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं: साडूभाऊ, सहज इकडे आलो होतो. ते आवडलं नाही. साडूभाऊ, एक गंमत झाली. तेही नको. पोस्टासमोर उभ्या असलेल्या बाईने त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं तेव्हा ते चालू लागले. 'मी काय म्हणत होतो' हे ऐकताना चेहरा कसा ठेवायचा याचाही त्यांनी सराव केला. काचेच्या दारात आपलं प्रतिबिंब पाहून त्यांना कळलं की चेहरा काही जमत नाहीये.

धाकटे दुकानात एकटेच होते. थोरल्यांना दारात पाहताच ते दचकले आणि हातातला टॉवेल त्यांनी गल्ल्यामागे कशावर तरी टाकला.

"या या. आज इकडे कसे?"

"सहज," थोरले म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांनी कान टवकारले. टॉवेलाखालून आवाज येत होता. टीक. टीक. टीक. "काय वाजतंय?"

"काही नाही. पंखा."

थोरल्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग गल्ल्याला वळसा घालून आत गेले आणि टॉवेल उचलला. खाली तस्सीच काळी पेटी, तस्साच लाल दिवा.

"घरातली ती डाव साठवायची पेटी इथे?"

"दुरुस्तीला आणली." धाकट्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत तीन नव्या कोऱ्या डिस्क. "एकही घेत नाही. तिन्ही लावून पाहिल्या. माप जुळत नाही म्हणते."

'परवाच एक साहेब' कोण याचा थोरल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण एक गोष्ट अजून डोक्यात शिरत नव्हती. "अहो, पण तुमची पेटी तर मोठ्या मापाची! तुम्हीच तर सगळ्यांसमोर..."

"होती," धाकटे म्हणाले. "पण तुम्ही त्या रविवारी इतकं पटवून दिलंत, साडूभाऊ! काटकसर काय, फुकट जागा काय. मी घरी गेलो, विचार केला, आणि म्हटलं, माणूस बोलतोय ते खरं आहे. दुसऱ्याच दिवशी पेटी मोडली आणि लहान मापाची केली."

"मी ते तुम्हाला खोटं पाडायला बोलत होतो!"

"ते मला कसं कळणार? तुम्ही कधी नव्हे ते मुद्देसूद बोलत होतात."

थोरले समोरच्या खुर्चीत बसले. आयुष्यातला एकमेव खणखणीत विजय, आणि तो असा दोन्ही घरांना भोवला. त्यांना हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. तयार केलेलं एकही वाक्य त्यात आलं नाही.

खोकणाऱ्या डिस्कचं ऐकलं तसे धाकटे उठले. 'मी काय म्हणत होतो' वगैरे काही नाही. त्यांनी माळ्यावरून एक रिकामी पेटी खाली काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि बोटांवर हिशेब मांडला. "नवीन पेटी. मोठ्या मापाची. माझ्या या तीन, तुमची नकार मिळालेली एक, आणि ती खोटारडी. झाल्या पाच."

"सहा लागतील. पाचांत सगळं मावायचं नाही. खच्चून भरलंय."

"दुकानात नाही?"

"आठवड्याने. आणि आठवडा निघायचा नाही."

टीक, टीक, तेवढंच चाललं होतं. धाकट्यांनी आपल्या पेटीकडे पाहिलं. तिच्यातली एक डिस्क आधीच मेली होती, बाकीच्या सगळ्या धडधाकट, लहान कप्प्यांच्या, जुन्या वळणाच्या. मोठ्या मापात त्यातली कोणतीही बिनबोभाट बसली असती. पण आधीच एक मेलेली, त्यात दुसरी काढायची म्हणजे काय होणार हे दोघांपैकी कोणाला सांगायची गरज नव्हती.

"साडूभाऊ, नको," थोरले म्हणाले. "त्यात आपले रविवार आहेत."

"आहेत."

"सगळे?"

"पहिल्यापासून." धाकट्यांनी बटण दाबलं. टीक टीक थांबलं. "ताईंचा सिनेमा कुठवर आलाय?"

"शेवटचा शॉट चालू आहे. बकरी भिंतीवरच्या घड्याळातली स्प्रिंग खाते."

"मग काय होतं?"

"ते मलाही सांगत नाही ती."

धाकट्यांनी एक डिस्क बाहेर ओढली.

"निदान तो एक डाव तरी आधी काढून घ्या," थोरले घाईघाईने म्हणाले. हे आपण म्हणतोय यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. "तो उंटाचा. तुमचा पुरावा आहे तो."

"तुमची ती तिकडे खोकतेय ना? चला," धाकटे म्हणाले, आणि डिस्क शर्टाच्या खिशात घालून ते दुकानाचं शटर ओढायला लागले.

पेटी जिन्याखालीच बांधली. चार खऱ्याखुऱ्या मोठ्या कप्प्यांच्या, एक खोटारडी आणि एक जुन्या वळणाची, अशी ती सहा जणींची मोट. पडद्यावर प्रश्न आला: माप किती? कपाटाच्या दारात दोघे साडू खांद्याला खांदा लावून वाकले होते, कारण तिथे दुसरी जागाच नव्हती.

"मोठं," धाकटे म्हणाले.

"मोठं," थोरले म्हणाले, आणि या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं.

पेटीने सहाही जणींना आत घेतलं. एकीलाही तिने तू कोण, कुठली, तुझे कप्पे केवढे, म्हणून विचारलं नाही. खोटारडीलाही आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं, त्यामुळे तीसुद्धा बाकीच्यांच्या बरोबरीने धावायला लागली. जुन्या पेटीतून नव्या पेटीत फोटो वाहू लागले.

तो दिवस आणि पुढचा दिवस घरात कोणी मोठ्याने शिंकलंही नाही. मेव्हणी आली ती चपला हातात घेऊन. दोघे साडू कपाटासमोर दोन स्टुलांवर बसले. खोकणारी डिस्क मधूनच खर्र करायची, की दोघेही श्वास रोखायचे. ती पुन्हा चालू लागली की एकमेकांकडे न बघता सोडायचे. "चल ग बाई," थोरले तिला म्हणायचे. "थोडंच राहिलंय," धाकटे म्हणायचे. बायको गॅरेजातून येऊन दर थोड्या वेळाने दारातून फक्त बघायची, आणि थोरले बोटाने दाखवायचे, की एवढं झालं, एवढं उरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर 'पूर्ण' असा शब्द आला. थोरल्यांनी पहिला फोटो उघडून पाहिला, मधला पाहिला, शेवटचा पाहिला. झडायच्या आधीची लोकर अंगावर असलेली बकरी, मग नव्या लोकरीतली बकरी. सगळी जागच्या जागी. बायकोने त्यांच्या हातातून माउस घेतला, स्वतः पाहिलं, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून आदल्या दिवशीचं राहिलेलं रडून घेतलं. मेव्हणी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. धाकटे उगीचच पेटीचे स्क्रू आवळत होते, जे आधीच आवळलेले होते.

"तुम्हाला काय देऊ?" बायकोने डोळे पुसत धाकट्यांना विचारलं.

"बकरीचं पुढे काय होतं ते सांगा."

तिने ते त्यांच्या कानात सांगितलं. थोरल्यांना तेव्हाही सांगितलं नाही.

रविवारी सगळे थोरल्यांच्याच घरी जमले, कारण बायकोला शॉट सोडून कुठे जाता येत नव्हतं. जिन्याखाली नवी पेटी हिरव्या दिव्यांनी चमकत होती, आणि तिच्याशेजारी, बायकोच्या हुकमावरून, सिनेमाची दुसरी प्रत ठेवायला आणखी एका पेटीची जागा करून ठेवली होती. वर साडूंनी पट मांडला. या घरात छताला कॅमेरा नव्हता, तरी सवयीने दोघांनीही एकदा वर पाहिलं.

पाच-सहा चाली झाल्या. थोरल्यांनी उंट हातात घेतला आणि तो ठेवायचंच विसरले.

"साडूभाऊ," शेवटी ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी तीन दिवस घोळवलं होतं, आणि या वेळी ते जसंच्या तसं बाहेर आलं. "त्या दिवशी तुमचा उंट तिथेच होता. माझीच बघण्यात चूक झाली असणार."

धाकट्यांनी कान खाजवला. पटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"नव्हता तिथे," ते म्हणाले.

"काय?"

"मी हलवला होता. तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि मी हलवला. म्हणून तर रेकॉर्डिंग कधी दाखवलं नाही."

थोरल्यांनी हातातला उंट त्यांच्याकडे रोखला. "अहो, मग ते पुसून का नाही टाकलंत?"

"एवढाच डाव गायब दिसला असता तर तुम्हाला कळलं नसतं का? आणि बाकीच्या डावांत मी खरंच जिंकलो होतो, साडूभाऊ. सरळ, मान खाली घालून जिंकलो होतो." धाकट्यांचा आवाज जरासा उतरला. "आता त्याचाही पुरावा गेला."

थोरल्यांच्या पोटातून हसू असं काही उसळलं की ते टेबल धरून हसले, आणि त्यांचं बघून धाकटेही सुटले. खुर्च्या करकरल्या, पटावरचे मोहरे थरथरले.

"हलू नका रे वर!" खालून बायको ओरडली. "बकरी हलली माझी!"

दोघांनी तोंडावर हात दाबले. हसू आवरता आवरता थोरल्यांना ठसका लागला. त्यांनी उंट पटावर ठेवला आणि ते चवड्यांवर उठले.

"कुठे निघालात?"

"पाणी पिऊन येतो," थोरले म्हणाले, आणि पट तसाच उघडा धाकट्यांपुढे ठेवून गेले.

परत आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी धाकट्यांचा उंट कुठे आहे ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.